रंग पाहावा उन्हात

बाजारात वस्तू घेताना जुनी माणसे तिची काही ना काही परीक्षा करीत. मडके बोटाने वाजवून पाहत, लुगड्याचा काठ ओला करून रंग जातो की काय ते पाहत, तांदळाचा दाणा दाताखाली धरून तो जुना की नवा हे सांगत. या परीक्षा कोणी पुस्तकात लिहून ठेवल्या नव्हत्या. वस्तू दुकानात कशी दिसते यापेक्षा ती घरी आल्यावर कशी वागेल, हे आधी जाणून घेण्याची ती रीत होती.

नव्या शतकाच्या आरंभी रंगीत पडद्याचा मोबाइल फोन तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला, तेव्हा ही रीत एकाएकी लंगडी पडली. फोन वाजवून पाहावा, तर तो वाजणारच. आणि त्याचा रंग पाण्यात बुडवून पाहण्याची सोय नाही. मग दोन फोन समोर आले असता त्यांतला एक निवडावा कसा? बेळगाव-निपाणी या सीमाभागातील ग्राहकापुढे हा प्रश्न इतरांहून थोड्या अधिक अवघड रूपात उभा राहिला. तो का, हे पाहण्यासारखे आहे.

भारतात मोबाइलवरून पहिले संभाषण झाले ३१ जुलै १९९५ रोजी. कलकत्त्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू दिल्लीतील केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्यानंतर बरीच वर्षे मोबाइल ही मोठ्या शहरांतील मोठ्या माणसांची चीज होती, कारण आलेल्या कॉललाही पैसे पडत. ऑक्टोबर २००२ मध्ये भारत संचार निगमाने आपली मोबाइल सेवा सुरू केली. १ मे २००३ पासून नवी आकारपद्धती आली आणि आलेला कॉल फुकट झाला. त्याबरोबर शिक्षक, एजंट, गवंडी, रिक्षावाला हे सगळे दुकानाच्या पायऱ्या चढू लागले. आणि नेमक्या त्याच वेळी दुकानाच्या काचेखाली रंगीत पडदे उजळले.

त्या वेळच्या निपाणीतील एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरचे कर्ते निवृत्त प्राथमिक शिक्षक. गाव त्यांना गुरुजी म्हणून ओळखते. मुलगा खते आणि बी-बियाणे विकणाऱ्या एका व्यापाऱ्याकडे फिरतीच्या नोकरीवर. सकाळी मोटारसायकल काढावी, कधी संकेश्वरकडे जावे, कधी कोगनोळीवरून कागल गाठावे, कधी मुरगूड, कधी गडहिंग्लज. दिवसातून दोन-तीनदा कर्नाटकातून महाराष्ट्रात आणि महाराष्ट्रातून कर्नाटकात. घरात आईला दम्याचा विकार. भिंतीवर तारेचा फोन होता. पण ज्याला हाक मारावयाची तो दिवसभर रस्त्यावर. म्हणून २००३ च्या दिवाळीचा बोनस हातात पडल्यावर बापलेक एसटीत बसले आणि बेळगावला खडे बाजारात उतरले.

दुकानदाराने काचेवर दोन फोन ठेवले. एक नोकियाचा ३५१० आय. दुसरा सोनी एरिक्सनचा टी ६८ आय. दोन्ही मूळचे २००२ सालचे. पहिला जरा जाडसर, वजन १०६ ग्रॅम. दुसरा सडपातळ, ८४ ग्रॅम, मधोमध बोटाने फिरवावयाची लहानशी कळ. त्याची किंमत पहिल्यापेक्षा बरीच अधिक. मुलाची नजर पडद्यांवर खिळली.

"अण्णा, बघा की, ह्याच्यात चार हजार रंग आहेत म्हणे!"

"आणि त्याच्यात?"

"दोनशे छप्पन्न," दुकानदार म्हणाला, "पण गुरुजी, तो मोठ्या लोकांचा फोन हो. त्याची शान वेगळी."

जो फोन महाग त्याच्यात रंग कमी, आणि जो स्वस्त त्याच्यात रंग जास्त, हे कोडे गुरुजींना सुटेना. त्यांनी दुकानातीलच एका कागदाच्या पाठीवर गणित मांडले. लाल, हिरवा आणि निळा या तीन प्रकाशांच्या मिश्रणातून पडद्यावरचा प्रत्येक रंग तयार होतो. प्रत्येकाच्या सोळा पायऱ्या धरल्या, तर सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४०९६. दुसऱ्या फोनचे २५६ हे सोळा गुणिले सोळा एवढेच. झाला रंगांचा हिशेब. आता ठिपक्यांचा. पहिल्याच्या पडद्यावर आडवे ९६ आणि उभे ६५, म्हणजे ६२४० ठिपके. दुसऱ्याच्या पडद्यावर १०१ आणि ८०, म्हणजे ८०८० ठिपके. एकाजवळ रंगांच्या डब्या अधिक, पण कागद लहान. दुसऱ्याजवळ कागद मोठा, पण डब्या मोजक्या. फुलाचे किंवा माणसाच्या चेहऱ्याचे चित्र पाहावयाचे असेल, तर अधिक रंगांनी छटा मऊ दिसतात. मजकूर वाचावयाचा असेल, तर अधिक ठिपक्यांमुळे एका पडद्यावर अधिक ओळी मावतात. म्हणजे नुसत्या आकड्यावरून श्रेष्ठ-कनिष्ठ ठरत नाही. फोनवर काय पाहावयाचे आहे ते आधी ठरवावे लागते.

येथवरची परीक्षा कोणत्याही गावच्या ग्राहकाने केली असती. गुरुजींनी पुढची जी मागणी केली, तिने दुकानदार चकित झाला. "दोन्ही फोन जरा उन्हात नेऊन बघू या."

दुकानात ट्यूबलाइटचा प्रकाश होता. पायरीवर दुपारचे लख्ख ऊन. दुकानात टवटवीत दिसणारे दोन्ही पडदे पायरीवर येताच पांढुरके झाले. रंग वाहून गेल्यासारखे दिसू लागले. शेजारी दुकानातील पोऱ्या उभा होता. त्याच्या खिशातील साधा काळ्या-करड्या पडद्याचा फोन मात्र उन्हात अधिकच स्पष्ट वाचता येत होता.

यामागचे कारण साधे आहे. जुन्या फोनचा पडदा बाहेरच्या उजेडावरच काम करतो. ऊन पडद्यावर पडते, मागच्या चकचकीत थरावरून परत फिरते, आणि मध्ये असलेल्या अक्षरांची सावली आपल्याला काळी दिसते. ऊन जितके जास्त तितके अक्षर स्वच्छ. रंगीत पडद्यात या वाटेवर लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची बारीक जाळी बसविलेली असते. प्रत्येक काच आपल्या रंगाचा प्रकाश तेवढा पुढे जाऊ देते आणि उरलेला गिळून टाकते. ढोबळ मानाने दोनतृतीयांश उजेड तेथेच संपतो. म्हणून रंगीत पडद्याला पाठीमागून स्वतःचा दिवा लागतो. दुकानाच्या सावलीत हा दिवा राजा असतो. सूर्यापुढे त्याची काजव्यासारखी गत होते. अलीकडच्या पडद्यांचे दिवे कितीतरी प्रखर आहेत. २००२-०३ मध्ये तसे नव्हते.

दिवा म्हटला की तेल आले. फोनचे तेल म्हणजे बॅटरी. ३५१० आयची बॅटरी सुमारे १००० मिलिअँपिअर-तासांची, टी ६८ आयची सुमारे ७०० ची. वजनातला जो फरक दुकानात डोळ्यांत खुपत होता, त्याचा उलगडा येथे होतो. जाडसर फोनने पोटात शिधा जास्त बांधून घेतला होता. त्या काळी दोन्ही राज्यांत खेड्यापाड्यांतून लोडशेडिंग चाले. फिरतीवरचा माणूस रात्री घरी यावा, फोन चार्जिंगला लावावा आणि वीज जावी, हे नित्याचे. ज्याला दिवसभर कोणाची तरी हाक ऐकावयाची आहे, त्याला सडपातळपणापेक्षा हा शिधा मोलाचा.

मुलाने आता महागड्या फोनची बाजू घेतली. त्यात इन्फ्रारेड होते, ब्लूटूथ होते, ई-मेलची सोय होती. वेगळा विकत घेऊन खाली जोडावयाचा छोटा कॅमेराही मिळत होता. या गोष्टी खोट्या नव्हत्या. टी ६८ आय हा त्या काळच्या उत्तम फोनांपैकी एक होता, यात शंका नाही. परंतु ब्लूटूथला बोलावयास समोर दुसरे ब्लूटूथचे यंत्र लागते, तेही सुमारे दहा मीटरांच्या आत. निपाणीच्या त्या घरात, किंवा खताच्या गोदामात, तसे दुसरे यंत्र नव्हते. हा फोन तीन पट्ट्यांवर चाले, पहिला दोनच. पण भारतातील जीएसएम सेवेला ९०० आणि १८०० या दोनच पट्ट्या पुरतात. तिसरी १९०० ची पट्टी अमेरिकेत उपयोगी. मुलाला अमेरिकेला जावयाचे नव्हते, गडहिंग्लजला जावयाचे होते.

आणि गडहिंग्लजला जाणे हीच तर खरी अडचण होती. मोबाइल सेवेसाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत, त्यांना सर्कल म्हणतात. निपाणी, संकेश्वर, बेळगाव ही कर्नाटक सर्कलमध्ये. कागल, मुरगूड, गडहिंग्लज, चंदगड ही महाराष्ट्र सर्कलमध्ये. आणि गोवाही त्याच सर्कलमध्ये. म्हणजे बेळगावचा माणूस भाजीच्या सौद्यासाठी चंदगड तालुक्यात शिरला तरी रोमिंग, आणि घाट उतरून पणजीला गेला तरी रोमिंग. आपल्या सर्कलमध्ये १ मे २००३ पासून फुकट झालेला कॉल शेजारच्या सर्कलमध्ये पाऊल पडताच पुन्हा विकत झाला. पुण्यातला माणूस कोल्हापूरला, अडीचशे किलोमीटरच्या आसपास जाऊनही, आपल्याच सर्कलमध्ये असे. निपाणीचा माणूस कोगनोळीचा नाका ओलांडताच परगावचा होई.

राज्याची सीमा नकाशावर रेघेसारखी असते. टॉवरच्या लहरींना ती रेघ दिसत नाही. घरच्या कंपनीचा सिग्नल क्षीण झाला की फोन मिळेल तो दुसरा सिग्नल धरतो. सीमेलगतच्या वस्तीवर माणूस स्वतःच्या ओसरीवर बसलेला असावा आणि त्याचा फोन मात्र शेजारच्या राज्यात जाऊन बसलेला असावा, असे प्रसंग घडत. पैसे भरून ठेवलेल्या प्रीपेड कार्डात शिल्लक संपली, तर घरच्या सर्कलमध्ये आलेला कॉल तरी घेता येई. रोमिंगमध्ये शिल्लक संपली की आलेला कॉलही लागत नसे. आईला दम्याचा झटका आला आहे, बहीण भिंतीवरच्या फोनवरून नंबर फिरवते आहे, मुलगा मुरगूडच्या रस्त्यावर आहे, आणि हाक पोहोचत नाही. ज्या कारणासाठी फोन घेतला, तेच कारण अशा वेळी फसते.

हा सगळा व्यवहार ग्राहकाला आधी कळतो तो पडद्यावरच्या एका बारीक ओळीवरून. फोन कोणाच्या टॉवरला चिकटला आहे, त्या सेवेचे नाव तेथे उमटते. सीमाभागातील फिरत्या माणसाच्या दृष्टीने साऱ्या पडद्यावर महत्त्वाची ओळ ती एकच. ते नाव उन्हात, मोटारसायकल थांबवून, एका दृष्टिक्षेपात वाचता आले पाहिजे. म्हणजे वाजणारा फोन उचलावा, की पुढे जाऊन एखाद्या पीसीओतून घरी फोन करावा, हे ठरविता येते.

गुरुजींनी चष्मा पुसला आणि पायरीवर उभे राहून दोन्ही पडद्यांवरचे ते नाव वाचण्याचा प्रयत्न केला. पडद्यावर मागे फुलांची चित्रे लावलेली होती. अक्षरे त्यांत हरवत होती. "ही चित्रे काढून टाका बघू," ते म्हणाले. चित्रे काढली, पार्श्वभूमी पांढरी झाली. ३५१० आयवरची जाड ठशाची अक्षरे त्यांना आधी लागली. मुलगा हिरमुसला. "अण्णा, मग रंगीत फोन घ्यायचा कशाला?" या प्रश्नाला गुरुजींकडे चटकन उत्तर नव्हते. पोऱ्याच्या हातातल्या फोनकडे त्यांनी पुन्हा एकदा पाहिले. पण मुलाच्या बोनसचा पैसा होता, तरुण वय होते. "रात्री घरी आल्यावर लाव की फुले," एवढेच ते बोलले.

एक प्रश्न मात्र शिक्षकाच्या जिव्हाळ्याचा होता. "ह्यात मराठी लिहिता येतं का?"

"इंग्रजी अक्षरात लिहितात की सगळे, गुरुजी," दुकानदार म्हणाला.

त्या काळी विकल्या जाणाऱ्या पुष्कळ फोनांत देवनागरी नव्हती. एखाद्यात असली, तरी ज्याला संदेश पाठवावयाचा त्याच्या फोनात नसली, तर तिकडे नुसत्या रिकाम्या चौकटी उमटत. आणि दोघांकडे असली, तरी हिशेब अंगावर येई. एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट मावतात. रोमन अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरी मजकूर पाठविताना प्रत्येक चिन्हाला १६ बिट लागतात, म्हणून ७० च चिन्हे बसतात. आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक वेगळी मोजली जाते. "आईला बरे आहे" हे वाक्य देवनागरीत मधल्या मोकळ्या जागांसह १२ चिन्हांचे होते, रोमन लिपीत १५ अक्षरांचे. तरीही एका संदेशात ते देवनागरीत पाच वेळा लिहिता येते, रोमनमध्ये दहा वेळा. जी भाषा बोलण्यासाठी आणि शिकविण्यासाठी सीमाभागातील माणसाने एवढी वर्षे आग्रह धरला, ती फोनमध्ये शिरताना दाराशीच आपली लिपी उतरवून ठेवू लागली. तिच्यावर कोणी बंदी घातली नव्हती. दर संदेशामागे पडणाऱ्या पैशाने आणि सवयीने ते घडले. भारतीय भाषांतील मजकूर वाचता यावा अशी सोय देशात विकल्या जाणाऱ्या फोनांत असावी, असा दंडक केंद्र शासनाने काढला तो २०१६ मध्ये. तोपर्यंत एक पिढी इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याला सरावली होती.

शेवटी ३५१० आय घेतला गेला. गुरुजींनी पक्के बिल आणि शिक्क्याचे वॉरंटी कार्ड मागून घेतले. दोन किमतींतला जो फरक उरला, त्यातून त्यांनी एक गोष्ट केली: कोल्हापूरला गेल्यावर मुलाने महाराष्ट्र सर्कलचे दुसरे सिमकार्ड घ्यावे असे ठरविले. पुढे कोगनोळीच्या अलीकडे मोटारसायकल थांबे, फोनची पाठ उघडे, बॅटरी निघे, एक कार्ड कागदाच्या पुडीत जाई आणि दुसरे फोनमध्ये बसे. घरी भिंतीवर दोन नंबर लिहिले गेले. एकाखाली "निपाणी", दुसऱ्याखाली "पलीकडे". ही युक्ती फुकटची नव्हती. पलीकडच्या नंबराला घरून फोन करणे म्हणजे बाहेरगावचा कॉल. पण तो दुपारी मुरगूडला असताना हाक पोहोचत होती, आणि आईच्या घरात त्या हाकेची किंमत मिनिटांवर मोजावयाची नव्हती. सीमाभागातील अनेक खिशांत त्या वर्षांत अशी दोन कार्डे असत. दोन सिमचे फोन पुढे बाजारात आले, तेव्हा त्यांची उपयुक्तता या भागाला वेगळी पटवून द्यावी लागली नाही.

पुढे काळ झपाट्याने पालटला. मार्च २००६ मध्ये भारत संचार निगमाने देशभर एक रुपया मिनिटाची योजना आणली. जुलै २०१५ पासून नंबर न बदलता सर्कल बदलता येऊ लागले. २०१६-१७ च्या सुमारास कंपन्यांनी देशांतर्गत रोमिंगचे आकार काढून टाकले आणि कोगनोळीचा नाका निदान फोनला तरी जाणवेनासा झाला. सोनी आणि एरिक्सनची भागीदारी २०१२ मध्ये संपली. नोकियाचा फोनधंदा २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टकडे गेला. ज्या ४०९६ रंगांवर मुलगा भाळला होता, ते आज खेळण्यातल्या पडद्यालाही शोभणार नाहीत.

तथापि गुरुजींनी केलेल्या परीक्षा जुन्या झालेल्या नाहीत. आजही दुकानात कोट्यवधी रंग सांगितले जातात, कॅमेऱ्याचे मोठमोठे आकडे सांगितले जातात. घेणारा माणूस दिवसाचा किती वेळ उन्हात असतो, त्याच्या शेताच्या बांधावर कोणाचा सिग्नल लागतो, बिघडल्यास दुरुस्ती जवळ कोठे होते, घरच्या म्हाताऱ्या माणसाला त्यावरची अक्षरे चष्म्याने वाचता येतात का, आणि तिची भाषा त्यात नीट उमटते का, हे प्रश्न जाहिरातीत छापलेले नसतात. ते ग्राहकाने घरून घेऊन जावयाचे असतात.

दोन वस्तूंची तुलना काचेच्या टेबलावर सुरू होते. ती संपते मात्र ज्या रस्त्यावर ती वस्तू वापरावयाची आहे त्या रस्त्यावर. दुकानाची पायरी चार पावलांवर असते. वस्तू हातात घेऊन तेवढी चार पावले उन्हात चालण्यास दुकानदार सहसा नाही म्हणत नाही. मागण्याचा संकोच मात्र घेणाऱ्याने टाकला पाहिजे.